पंधरा वर्षांनी गोळी थांबवली तेव्हा: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं एक प्रकरण

लालबागच्या माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षं येणाऱ्या एका रुग्णाचं हे प्रकरण आहे. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने लिहितो आहे. नाव देणार नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. चाळीत त्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, इथेही तेच म्हणू. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर. कॅन्सरचे उपचार रक्तविकारतज्ज्ञांनी केले. त्यांच्या निर्णयांचं पुढे घरात काय होत गेलं, ते मात्र माझ्यासमोर घडलं.

कॅन्सरला पाच वर्षं सरली की नातेवाईक सुटकेचा श्वास घेतात, दहा झाली की सत्यनारायण घालतात. काही कॅन्सरमध्ये त्याला आधारही आहे. लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियात उपचार संपून पहिली काही वर्षं उलटली की आजार परतण्याची शक्यता झपाट्याने घटते. उलट हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर पंधरा-वीस वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. भाऊंच्या आजाराचा हिशेब या दोन्हींहून निराळा, कारण त्यात उपचार संपतच नाहीत. मग मोजायला सुरुवात कुठून करायची? जानेवारी २०२३ मध्ये, गोळी सुरू होऊन पंधरा वर्षं भरत आली असताना, ती थांबवून पाहायचं ठरलं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं हे टिपण.

निदान

२००८ च्या सुरुवातीला भाऊ ३९ वर्षांचे होते. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ऑफसेट प्रेसवर मशीनमन. तक्रार साधीच: चार घास खाल्ले की पोट भरतं, डाव्या कुशीला जड वाटतं, रात्री बनियन घामाने भिजतो. प्रेसमधल्या मंडळींच्या सल्ल्याने पित्ताच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. पोटावर हात ठेवला तर पाणथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत वाढलेली लागली. रक्तात पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या आसपास असायला हव्यात, त्यांच्या एक लाख ऐंशी हजार निघाल्या. त्याच दिवशी त्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं.

आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पाश्चात्य देशांत तो बहुतेक साठीच्या आसपास दिसतो, आपल्याकडे कितीतरी रुग्ण ऐन कमावत्या वयातले असतात. भाऊ त्यातलेच.

या आजाराचं मूळ एका ठरावीक बिघाडात आहे, आणि तो सापडायला वेळ लागला. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हा नवा जनुक तयार होतो आणि त्यापासून बनणारं प्रथिन पेशीला ‘वाढत राहा’ असा हुकूम देत सुटतं. इमॅटिनिब ही गोळी नेमकं तेच प्रथिन निकामी करते. अमेरिकेत तिला २००१ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, आणि भाऊ-बहिणीची अस्थिमज्जा जुळली व अंगात ताकद असली तर प्रत्यारोपण. गोळी आल्यावर चित्र किती पालटलं याचा एक आकडा पुरेसा आहे: सुरुवातीच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर असलेले सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते.

हे सगळं वहिनींना सांगायला बसलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे ऑपरेशन नाय? लाइट (रेडिएशन) नाय?” नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. लालबाग-परळमध्ये राहणाऱ्यांना कॅन्सर माहीत असतो. १९४१ पासून टाटा हॉस्पिटल इथे आहे, आणि त्या फुटपाथवर पथाऱ्या टाकून बसलेली गावोगावची माणसं बघतच इथली मुलं मोठी होतात. कॅन्सर म्हणजे केस गेलेलं डोकं, तोंडाला बांधलेला रुमाल. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची रोजची एक गोळी, हे त्या चित्रात बसत नव्हतं.

गोळी आणि तिची किंमत

२००८ मध्ये मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांच्या आसपास. भाऊंचा पगार त्याच्या जवळपास जाणारा. पहिली दोन वर्षं प्रेसच्या मालकांनी थोडे दिले, सिद्धिविनायक न्यासाकडून एकदा मदत मिळाली, वहिनींच्या पाटल्या गेल्या आणि गावच्या आंब्याचा वाटा मोठ्या भावाने सोडला.

स्वस्त गोळी बाजारात होती ती आपोआप नव्हे. मूळ कंपनीचा पेटंटचा अर्ज २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला होता. विरोध करणाऱ्यांत औषध कंपन्यांबरोबर मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचं अपील फेटाळलं. जुन्याच औषधाचं नवं स्फटिकरूप रुग्णाला जास्त गुण देतं हे दाखवता आलं नाही, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) खाली ते अडलं. दुसऱ्या दिवशी भाऊ पेपर घेऊन दवाखान्यात आले, बातमीखाली पेनाने रेघ मारलेली. मशीनवर असले कागद रोज छापणारा माणूस; पण हा त्यांनी घडी घालून फाइलीत ठेवला आणि तो अजून तिथे आहे.

मधली वर्षं

वर्षभरात पाणथरी जागेवर गेली आणि रक्तपेशी सुधारल्या. पुढची मोजणी पीसीआर तपासणीने होते, ती रक्तातल्या बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजते. निदानाच्या वेळचं प्रमाणित मूल्य शंभर टक्के धरतात, बीसीआर-एबीएल ०.१ टक्क्यावर आलं, म्हणजे हजारपटीने घटलं, की उत्तम, ०.०१ किंवा त्याखाली गेलं तर खोल प्रतिसाद. भाऊंचा आकडा २०१३ च्या अखेरीस ०.०१ च्या खाली गेला आणि मग नऊ वर्षं तिथेच राहिला. बहुतेक रिपोर्टांत तो सापडतही नव्हता.

माझ्या वाट्याला आले ते दुष्परिणाम. सकाळी डोळ्यांखाली सूज. रात्री पोटरीत असे पेटके की माणूस ओरडून उठावा. मुंबईत क्षयरोग घरोघरी असल्याने प्रत्येक लांबलेल्या खोकल्याच्या वेळी धाकधूक असायची. निव्वळ टीबीची नव्हे, त्यावरच्या रिफाम्पिसिन या औषधाचीसुद्धा, कारण ते इमॅटिनिबची रक्तातली पातळी खाली आणतं. गणपतीला माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या लाकडी चौकटीला, बांधलेलं पपनस उतरवल्यावर सगळ्यांनी खावं, भाऊंनी नको, हेही दर भाद्रपदात सांगावं लागे. ग्रेपफ्रूटप्रमाणे पपनसानेही हे औषध शरीरात साठू शकतं.

सर्वांत विचित्र गोष्ट रंगाची. इमॅटिनिबने त्वचेचं रंगद्रव्य कमी होतं. सावळे भाऊ चार-पाच वर्षांत चांगलेच उजळले. चाळीतल्या बायका वहिनींना म्हणत, “भावजींना औषध मानवलं हो, कांती बघा.” एका लग्नात तर कोणी क्रीमचं नाव विचारलं. भाऊंना याची चीड यायची. आपल्या लोकांचा गोरेपणावर जो आंधळा भरवसा आहे, त्याचं एवढं चोख उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. तो पुढे अडचणीचाही ठरला.

थांबवायचं का?

२०२२ च्या दिवाळीनंतर तज्ज्ञांनीच विषय काढला. पार्श्वभूमी अशी: २०१० मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षं पीसीआरमध्ये काहीही न सापडलेल्या या रुग्णांचं इमॅटिनिब थांबवलं, तेव्हा साधारण चाळीस टक्क्यांचा आजार वर्षभरानंतरही परतला नव्हता. ज्यांचा परतला त्यांचा बहुतेक पहिल्या सहा-सात महिन्यांतच. २०१८ मध्ये युरोपातल्या ७५५ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी निम्मे जण गोळीविना ठीक होते, आणि गोळी जितकी जास्त वर्षं घेतली तितकी संधी चांगली, असंही दिसलं.

भाऊ सगळ्या निकषांत बसत होते. आजार कधी पुढच्या टप्प्यात गेला नव्हता, औषध बदलावं लागलं नव्हतं, खोल प्रतिसाद नऊ वर्षांचा.

घरात मात्र तीन मतं. मुलगा म्हणाला, निम्मे म्हणजे नाणेफेक; पण हरलो तर गोळी आहेच. त्याचं म्हणणं बरोबर होतं, सांगण्याची पद्धत चुकीची. वडिलांच्या ल्युकेमियाबद्दल आईसमोर नाणेफेक हा शब्द काढायचा नसतो. वहिनींचं एकच: पंधरा वर्षं जे सुरळीत चाललंय त्याला हात कशाला लावायचा? रोज रात्री जेवण वाढताना गोळी त्या स्वतः ताटाशेजारी ठेवत. भाऊंच्या आजारपणात त्यांच्या हातात असलेलं तेवढंच काम होतं, आणि तेच आम्ही काढून घ्यायला निघालो होतो. हे मला त्यांच्याशी बोलताना उमगलं. तज्ज्ञांच्या ओपीडीतल्या दहा मिनिटांत ते निघणं शक्य नव्हतं.

भाऊंना काय हवं होतं? पेटके नकोत, हे होतंच. पण एक दिवस एकटे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, मला एकदा महाशिवरात्र करायचीय.” रिकाम्या पोटी ही गोळी मळमळते, म्हणून पंधरा वर्षांत एक उपवास धड झाला नव्हता. वैद्यकीय निकषांच्या कुठल्याही यादीत हे नाही. माझ्या मते ते त्यातल्या अर्ध्या निकषांहून वजनदार होतं, कारण हरलो तरी माणसाला काहीतरी मिळणार होतं.

तज्ज्ञांनी वहिनींनाही बोलावून तीन गोष्टी बजावल्या. पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर, नंतरचे सहा महिने दर दोन महिन्यांनी, पुढे दर तीन महिन्यांनी. तपासणी एकाच लॅबमध्ये, जिचे आकडे आंतरराष्ट्रीय मोजमापावर मिळतात आणि दोन आठवड्यांच्या आत हातात येतात. आणि आकडा ०.१ च्या वर गेला की त्याच दिवशी गोळी सुरू, पुन्हा चर्चा नाही. वहिनी या शेवटच्या अटीवर तयार झाल्या.

त्यांनी एक नवसही बोलून ठेवला होता, पहिल्या वर्षीच: गोळी सुटली की आंगणेवाडीच्या भराडी देवीची ओटी भरेन.

सहा महिने

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गोळी थांबली. पहिला रिपोर्ट स्वच्छ. फेब्रुवारीत भाऊंनी महाशिवरात्रीचा उपवास केला आणि दुसऱ्या दिवशी रताळ्याने पोट बिघडलं म्हणून दवाखान्यात आले, अगदी खुशीत.

मार्चमध्ये खांदे, मनगटं आणि कंबर धरली. सकाळी शर्टाचं बटण लावता येईना. घरात सन्नाटा, आजार हाडात उतरला, असं वहिनींनी ठरवूनच टाकलं. हे दुखणं औषध सुटल्याचं होतं. इमॅटिनिब थांबवल्यावर वीस ते तीस टक्के रुग्णांना काही आठवडे ते काही महिने असं सांधे-स्नायूंचं दुखणं होतं, आणि त्याचा आजार परतण्याशी संबंध नसतो. दुसऱ्या महिन्याचा पीसीआरही स्वच्छच होता. साध्या वेदनाशामकांवर दोन महिन्यांत ते निवळलं. थांबवण्याआधी हे सांगितलेलं असूनही भीती वाटायची ती वाटलीच. सांगितल्याचा उपयोग एवढाच झाला की घाबरून कोणी परस्पर गोळी सुरू केली नाही.

याच सुमाराला रंग परतू लागला. भाऊ पुन्हा पूर्वीसारखे सावळे दिसायला लागले, आणि चाळीत कुजबुज सुरू झाली: भाऊ उतरले, काळवंडले, दुखणं परत आलं वाटतं. रिपोर्ट स्वच्छ असलेल्या माणसाकडे लोक शहाळी घेऊन येऊ लागले.

मे महिन्यात कुटुंब गावी गेलं. जत्रेची गर्दी केव्हाच ओसरली होती, ओटी निवांत भरता आली. चौथ्या महिन्याचा नमुना निघण्यापूर्वीच दिला होता. परतल्यावर तो रिपोर्ट आला: ०.००८. आजवर जिथे काही नव्हतं तिथे काहीतरी होतं. पाचवा ०.०४. सहावा, जुलैमध्ये, ०.२१.

ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली. भाऊ शांत होते. वहिनी मला म्हणाल्या, “फेडलेलो नवस परत मागूक येता काय?” मी उत्तर देण्याच्या भानगडीत पडलो नाही.

तीन महिन्यांनी आकडा ०.०२ वर उतरला. जानेवारी २०२४ च्या रिपोर्टात बीसीआर-एबीएल पुन्हा सापडेनासं झालं.

चर्चा

आजार परत का आला? ही गोळी बीसीआर-एबीएलवर जगणाऱ्या पेशी मारते. अस्थिमज्जेत खोल दडलेल्या काही मूळ पेशी मात्र त्या प्रथिनावर अवलंबून नसतात. त्या गोळीला दाद न देता झोपून राहतात. गोळी गेल्यावर त्या जागतात की शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना दाबून ठेवतात, हे माणसागणिक ठरतं. भाऊंची नऊ वर्षांची उत्तम कामगिरीही त्याची हमी देऊ शकली नाही.

याला अपयश म्हणायला मी तयार नाही. सहा महिन्यांत त्यांना ल्युकेमियाचं एकही लक्षण आलं नाही, रक्तपेशी एकदाही बिघडल्या नाहीत. जे परतलं ते फक्त पीसीआरला दिसण्याइतकं होतं, आणि वेळेत गोळी सुरू केली तर जवळजवळ सगळेच पूर्वपदावर येतात. हे ठरवून, मोजत, वेळापत्रकावर थांबवणं आहे. मनानेच अधूनमधून गोळ्या चुकवणं हा वेगळा प्रकार. त्यात मोजणी नसते आणि औषधाला न जुमानणाऱ्या पेशींना वाव मिळतो. दोन्हींत गोळी पोटात जात नाही, म्हणून रुग्ण त्यांना एकाच मापाने तोलतात. हे वाचून कोणी आपली गोळी बंद करणार असेल तर आधी तज्ज्ञांना भेटावं.

मला जास्त अस्वस्थ करतं ते दुसरंच. ओपीडीच्या बाकावर भाऊंची एका जळगावकडच्या गृहस्थांशी ओळख झाली होती. आजार तोच, गोळी तीच, वर्षं एखाद-दोन जास्तच, रिपोर्टही तितकेच छान. त्यांना मात्र थांबवायचा सल्ला मिळाला नाही. दर महिन्याला मुंबईला यायचं म्हणजे रेल्वेचा प्रवास, शेतातल्या कामाचे दिवस बुडणं, तपासणीचे काही हजार रुपये. आणि गावाजवळ रक्त द्यावं तर नमुना वेळेत इथे पोहोचण्याची खात्री नाही. तज्ज्ञांचं बरोबर होतं. तपासणी वेळेवर होणार नसेल तर थांबवणं धोक्याचंच. पण मग गोळीविना राहून पाहण्याची संधी कोणाला मिळते? लालबागहून परळला चालत जाता येणाऱ्याला. आजार दोघांचा सारखाच आटोक्यात आहे. भाऊंना स्वतःला हे लागलेलं आहे. त्या गृहस्थांचा फोन आला की प्रयोगाचा विषय ते टाळतात.

आणखी एक निरीक्षण, फॅमिली डॉक्टरांसाठी. या सहा महिन्यांत घरच्यांना तज्ज्ञांपेक्षा माझी गरज जास्त वेळा पडली, आणि प्रत्येक वेळी प्रश्न आजाराचा नव्हता. दुखणं कशाचं, रंग का बदलला, शेजाऱ्यांना काय सांगायचं, गावी जाताना नमुन्याची तारीख चुकेल का. तज्ज्ञांनी थांबवण्याआधी एक पत्र मला लिहिलं होतं, त्यात दुखण्याची सूचना आणि ०.१ चा आकडा दोन्ही होतं. ते पत्र नसतं तर मार्चमध्ये मीही संधिवाताच्या तपासण्यांच्या मागे लागलो असतो. अशी पत्रं क्वचित येतात.

सध्याची स्थिती

भाऊ आता साडेतीनशे चौरस फुटांच्या त्याच खोलीत, सतराव्या वर्षाच्या पुढे आहेत. पेटक्यांमुळे तज्ज्ञांनी डोस चारशेवरून तीनशे मिलिग्रॅमवर आणला. पीसीआर दर तीन महिन्यांनी होतो आणि आकडा हललेला नाही. पेटके निम्म्यावर आले आहेत, आणि रंग पुन्हा उजळतो आहे, त्यामुळे चाळ समाधानी आहे. पंधरा वर्षांची पूजा राहिलीच. मुलाने सुचवली तेव्हा भाऊ म्हणाले, कशाची घालायची ते आधी ठरवा.

दुसऱ्यांदा थांबवून पाहता येतं, काहींना दुसऱ्या खेपेला यशही येतं, पण त्यासाठी खोल प्रतिसाद पुन्हा काही वर्षं टिकायला हवा. भाऊंनी ती मुदत तज्ज्ञांकडून लिहून घेतली आहे. वहिनींचा विरोध या वेळी नाही, अट आहे: गोळी सुटल्यावर वर्षभर आकडा शून्यावर राहिला तरच ओटी भरायची, आणि हे देवीला आधीच स्पष्ट सांगून ठेवायचं.